अक्काची गाडी

अप्पा,

गाडी चालू झाली. तुमची पिकअप, तीच निळी. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. तुम्ही गेलात तेव्हाच्या तुमच्या वयाला मी आता टेकले आहे, गुडघ्याला हात लावून उठते, तरी गेले चार महिने त्या गाडीखाली सतरंजी टाकून पडत होते. शुक्रवार पेठेतल्या बोळात ती मावेना, म्हणून आमच्या ह्यांच्या गावाबाहेरच्या प्लॉटवर पत्रे ठोकून घेतले. ह्यांनी कपाळाला हात लावला. "रिटायर झाल्यावर बायका भजनाला जातात," म्हणाले. म्हटलं, जाऊ देत की त्यांना. शेजारपाजारचे म्हणतात, बापावर केवढी माया हिची! मी ऐकून घेते. माया होतीच, पण मी हे मायेपोटी केलेलं नाही.

अक्कावर मी लहानपणापासून जळत आले. स्पष्टच सांगते. ती मोठी, मी धाकटी, आणि मधे तुम्ही. चादरींचे गठ्ठे पोचवायला निघालात की शेजारच्या सीटवर ती. सातवीनंतर तिची शाळा सुटली, सगळ्यांनी तिची कीव केली, आणि मी मात्र खिडकीतून बघायची की ही बया पाय वर घेऊन बसलीय आणि गाडी निघाली. माझ्या शाळेतल्या बाईंनी तुम्हाला सांगितलं होतं, पोरगी हुशार आहे, घरात हिच्याशी मराठीतच बोला. झालं! त्या दिवसापासून तुम्ही माझ्याशी मराठीत बोलायला लागलात, जपून जपून, पाहुण्याशी बोलावं तसं. कानडी राहिली तुमची आणि अक्काची. संध्याकाळी दोघं काळ्या हातांनी स्वयंपाकघरात येता, चुलीपुढं पाटावर बसता, आई रॉकेलचा बोळा देते, आणि तुम्ही तिला म्हणता, "हुच्ची, क्लच तसा सोडतात का गं?" ती उलट बोलते, तुम्ही हसता. मी पलीकडच्या खोलीत भूगोल पाठ करतेय. हुच्ची म्हणजे वेडी. मला एकदाही वेडी म्हणाला नाहीत तुम्ही.

पहिला नंबर आला तेव्हा तुम्ही मला शाईचं पेन आणलं. त्याच दिवशी अक्काला एक पाना दिलात, तिच्या मुठीत बसेल असा, तुमच्याच पेटीतला. मी त्या पेनाकडे धड बघितलंसुद्धा नाही. आणि ते ऑईल आठवतं? दारात गाडी उभी होती, डबा भरलेला होता, आणि मी तो मुद्दाम लाथाडला. वाटलं, आता तरी ओरडाल, चार माणसांदेखत कानडीत शिव्या घालाल. तुम्ही पोतं आणून ते पुसून काढलंत आणि म्हणालात, "असू दे बाळ, हात धू, अभ्यासाला बस." त्या रात्री मी जेवले नाही. आईला वाटलं, पोर घाबरली.

आता ते सांगते, जे कुणालाच सांगितलेलं नाही. दवाखान्यातली ती शेवटची दुपार. अक्का अकलूजहून निघाली होती, एसटी अजून वाटेत होती. काका बाहेर डॉक्टरांशी बोलत उभे. तुम्ही डोळे उघडलेत, माझा हात धरलात आणि म्हणालात, "गाडी अक्कग कोडु." एवढंच. गाडी अक्काला दे. मग परत डोळे मिटलेत. काका आत आले, विचारलं, "काय म्हणाला गं दादा?" मी म्हटलं, "कानडीत काहीतरी पुटपुटले. मला नाही कळलं." आणि सगळ्यांना पटलं, अप्पा! मराठी शाळेतली, ऑफिसातली पोरगी, हिला कुठली आलीय कानडी. मला सगळी कानडी येते. भिंतीआडून तुमचं दोघांचं ऐकून ऐकूनच शिकले मी. कुणाला ते ठाऊकच नव्हतं.

काकांनी महिन्याभरात गाडी विकली. अक्कानं हरकत घेतली नाही. फक्त जाताना मला म्हणाली, "माझ्यासाठी कायतरी म्हनलं आसंल की गं आप्पा?" मी नाही म्हटलं. दर वर्षी पंचमीला माहेरी आली की एकदा तरी विचारायची, जेवताना, नाहीतर दारात चप्पल घालताना, सहज विचारल्यासारखं. दर वर्षी मी नाही म्हणत आले. गेल्या पंचमीला तिनं विचारलं नाही.

त्यानंतर चार महिन्यांनी एका लग्नाला जाताना मला तुमची गाडी दिसली. वीटभट्टीच्या मागं बाभळीखाली, चाकं मातीत रुतलेली, हौद्यात कोंबड्या. मागच्या फळीवर अक्कानं रंगवलेला नंदी होता, गाढवाच्या कानांचा, म्हणून ओळखली. भट्टीवाला म्हणाला, न्या की, तेवढीच जागा मोकळी व्हईल. मी ठरवलं, नीट करायची आणि अक्काला द्यायची, आणि देताना सगळं सांगायचं. ठरवलं होतं बरं का, अगदी मनापासून.

पण नवीन सामान घ्यायची ऐपत कुणाची? पेन्शनीत बसेल तेवढंच करायचं. म्हणून भंगारबाजार धरला. तिथले चाचा बघून बघून ओळखीचे झाले, मला बाजी, म्हणजे ताई म्हणायला लागले. मी रेडिएटर उचलला की म्हणायचे, "बाजी, ये नक्को लेव, गळताय. ठैरो, दुसरा देतूं." कार्बोरेटर एका मेलेल्या जीपचा, रेडिएटर टेम्पोचा, सीट एसटीच्या बाकाची. एक दार पांढरं, एक हिरवं. मोबाईलवर व्हिडिओ बघून मी बोल्ट सोडवायला शिकले. हातांना जी काळी घाण बसली ती साबणानं जाईना, आणि खरं सांगू, मी ती घासलीही नाही फारशी. ह्यांच्या बहिणीकडे हळदीकुंकवाला तसेच हात घेऊन गेले. बायका बघत होत्या. बघू देत म्हटलं.

घोडं अडलं ते चाकापाशी. उजवी चाकं सरळ सुटली. डावीकडचे नट हलेनात. मी पान्यावर नळी चढवली, दोन्ही पाय देऊन उभी राहिले, तर फटकन आवाज झाला आणि बोल्ट मुळापासून तुटला. मग दुसरा. मग तिसरा. मी खाली बसून रडले. त्यात इंजिनही पंधरा दिवस नुसतं खोकत होतं, धरत नव्हतं. शेवटी अक्काला फोन केला. केवढं जिवावर आलं होतं म्हणून सांगू! ती म्हणाली, "कुटं घावली गं तुला?" दुसऱ्या दिवशी सकाळीच सात रस्ता चौकात उतरली, पिशवीत भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊन.

पत्र्याखाली आली, गाडीभोवती एक फेरी मारली, पदर खोचला. तुटलेले बोल्ट बघून हसायलाच लागली. "आगं हुच्ची, डाव्या अंगाचं नट उलटं फिरत्यात की! तू सोडवत न्हवतीस, आवळत हुतीस." आणि तिनं उलट्या बाजूनं पाना दिला, नुसत्या टाचेनं, आणि नट सुटला. माझ्या अंगाची लाही लाही झाली. विचारलं, "अप्पांनी सांगितलं होतं ना तुला?" ती म्हणाली, "सांगत्यात व्हय कवा? मी दोन बोल्ट तोडलं तवा मुस्काटात दिली, हमरस्त्यावर. मग कळलं." ती गाल चोळत हसत होती आणि मला त्या थपडेचासुद्धा हेवा वाटत होता.

मग हसता हसता थांबली. "तुला एकदा बी हात न्हाय लावला आप्पानं," म्हणाली. "गावोगाव तुझ्या मार्कांचं कवतिक. मी शेजारी बसल्याली, तरी मानसांना सांगायचा, माझी पोरगी लई हुशार हाय. माझी पोरगी म्हंजी तू. लई जळायची मी तुझ्यावर." मला हे कधी सुचलंच नव्हतं, अप्पा.

दुपारी ती सीटवर चढली. चोक ओढला, कान देऊन ऐकलं, उतरून कार्बोरेटरचा एक स्क्रू पाव फेरा फिरवला, परत चढली. दुसऱ्या सेल्फला इंजिन धरलं. पत्रे थडथडायला लागले. माझ्या हाताला पंधरा दिवस दाद न देणारी गाडी तिच्या हातावर दोन मिनिटांत चालू! मी तिच्या खिडकीपाशी गेले. हीच वेळ होती. म्हटलं, "अक्का, गाडी तुझी आहे. तुझ्यासाठीच केली." पुढचं वाक्य तोंडात तयार होतं, कानडीतच तयार होतं. ती खाली उतरली, मला घट्ट धरलं आणि हुंदके द्यायला लागली. म्हणाली, "आप्पाच्या मनात न्हवतं. आप्पानं दिलं न्हाय ते तू दिलंस गं."

ते वाक्य मी गिळलं. तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. काल ती गाडी घेऊन अकलूजला गेली.

हे पत्र मी तुम्हाला लिहिलं, कारण तुम्हाला ते मिळायचं नाही. ते लिहायला हवं होतं तिला, आणि ती तीन तासांच्या वाटेवर आहे. लाज वाटते, अप्पा. पण ती ते बोलली तेव्हा मला लाज वाटली नव्हती. मला इतकं बरं वाटलं होतं, की तिनं ते परत एकदा म्हणावं म्हणून मी मुद्दाम विचारलं, "काय म्हणालीस?"