टेकाडावर परत जाणारी माती

पवनी, १९८४

प्रिय बाबा,

आज ऑफिसात कॅल्क्युलेटरवर शेवटचा आकडा आला आणि मी टेबलावर हात आपटून ओरडले, "बाबा बरोबर होते!" सगळे माझ्याकडे बघत राहिले. पण ज्यांना सांगायचं ते कुठे होते? म्हणून हे पत्र.

आठवतं, पावसाळाभर मी नाल्यावर बाटल्या भरायची? तुम्ही वावराच्या धुऱ्यावर, बांधावर उभे राहून हसायचे, "काहून व बेबी, गढूळ पानी कोनाले पाजून राहिली?" मी चिडायची. टेकाडावरच्या वावरांतून किती माती अन् युरिया वाहून खालच्या बोडीच्या तळ्यात जातो, ते मोजून पुढच्या वर्षांचं गणित मांडायचं होतं हो!

मांडलं. आमच्या ऑफिसच्या साहेबांना घेऊन गावात आले आणि चावडीवर सांगितलं, टेकाडावरची शेती थांबवा, नाहीतर खडक उघडा पडेल अन् बोडी बुजेल. किती घरांचं पोट त्या टेकाडावर! तुम्ही उठले. "अन् उन्हाळ्यात आमी बोडीतला गाळ बैलबंडीनं वर वावरात नेतो, ते तुह्या कागदात काऊन नाही?"

आणि मी काय म्हटलं? "बाबा, तुमाले यातलं समजत नाही." चारचौघांत! तुम्ही खाली बसले. घरी आल्यावर बैलांना चारा टाकायला निघून गेले. एकदा रागवायचं तरी होतं!

लाज याची वाटते, की गाळाच्या टोपल्या मीही वाहिल्या होत्या. तरी माझ्या गणितात माती नुसती खाली यायची, वर कधी गेलीच नाही. पुस्तकात नव्हतं, म्हणून धरलं नाही. काय म्हणावं अशा पोरीला?

तुम्ही गेल्यावर या उन्हाळ्यात मी एकेक बंडी मोजली, गाळ तपासायला पाठवला. वाहून गेलेली बरीचशी माती अन् तिच्यासोबत खतही वावरात परत येतं, बाबा! टेकाड टिकतं. फक्त गाळ दरसाल वर गेला पाहिजे आणि धुरे-बांध फुटू द्यायचे नाहीत. साहेबांनी 'शेती थांबवा' हे वाक्य स्वतःच्या हातानं खोडलं.

परवा मी आसगावला, आपल्या गावी येते आहे. चावडीवर आकडे नंतर सांगेन. आधी त्याच लोकांसमोर मोठ्यानं म्हणेन, माझ्या बाबांना समजत होतं, मला नव्हतं. रडू आलं तरी पुरं बोलल्याशिवाय खाली बसणार नाही, हा तुम्हाला शब्द.

तुमचीच,
बेबी