हायवे सोडून

प्रिय ताई,

फोनच केला असता, पण आपल्या घरात फोन एक, तो नानांच्या खिशात. आणि तुझ्याकडे फोन उचलतात दाजी. त्यांचा आवाज आला की माझा जातो, तुला माहीतच आहे. समोरच्या अलकाकाकू नाशिकला चालल्यात, त्यांच्या हाती हे पाठवते. दाजींना वाचायला देऊ नको.

दाजींनी नानांना भिवंडीच्या फेऱ्यांचं काम लावून दिलं, दसऱ्यानंतर रोज रात्री हायवेने माल न्यायचा. जावयाला नाही कसं म्हणायचं, म्हणून नाना हो म्हणून बसलेत. माय खूश आहे, आमलीत सगळ्यांना सांगत सुटली. मला मात्र तेव्हापासून चैन नाही. कंपनीत पॅकिंगला उभी राहिली तरी पाय हलत राहतात. सुपरवायझर म्हणाला, रोशनी, लाइन बंद आहे, तू कशाला चालू? हे काम होऊ नये असं मला वाटतं ताई. का ते सांगते, पण मला सरळ सांगता येत नाही, फिरून फिरूनच येईल.

तुझं लग्न झालं तेव्हा नाना हायवेलाच असायचे. आता आठवडाभर इथल्या इथे, सायली ते आमली मालाच्या फेऱ्या करतात. रविवारी आम्ही दोघं माझ्या कंपनीतून डागी बादल्या, टब उचलतो, छोटा हत्ती टेम्पोत भरतो आणि खानवेलच्या पुढे पाड्यापाड्यांत जातो. लोक फुटकं प्लास्टिक देतात, आपण बादली द्यायची. बायका बादली उलटी करून, टिचक्या मारून बघतात, जसं काय मडकं आहे.

मी पुढे बसते. नानांचा एकच नियम, बोर्ड दिसला की मोठ्याने वाचायचा. मला वाटायचं, शाळा सुटली म्हणून माझ्याकडून करून घेतात. वर्गात सरांनी उभं केलं की तोंडातून अक्षर निघायचं नाही माझ्या, त्यापायीच तर नववीत घरी बसली. टेम्पोत कोण हसणार? गुजराती असो, मराठी असो, मी वाचत सुटते. गावाचं नाव, बियाण्याची जाहिरात, येथे कचरा टाकू नये, सगळं. नाना हूं हूं करतात.

तू बघायला पाहिजे काय काय आहे तिकडे. दुधनीच्या अलीकडे एक सलून आहे, त्याची खुर्ची म्हणजे मोडीतल्या बसची ड्रायव्हर सीट, स्टेरिंगसकट. भावेशभाई वस्तरा लावायच्या आधी गिऱ्हाइकाला म्हणतो, दोनो हाथ स्टेरिंग पे रख, इधर उधर नहीं देखना. माणसं खरंच पकडून बसतात. पुढे एक साग आहे, त्याला सगळ्या एकेकट्या चपला टांगलेल्या. रस्त्यात कुणाची पडलेली सापडली की लोक तिथे आणून लावतात, ज्याची असेल तो नेईल. मी बघितलं, एक आजी आली, एक निळी काढली, एक लाल काढली, दोन्ही घातल्या आणि ऐटीत निघून गेली. अजून पुढे रस्ता असा वळतो की फोनची रेंज घडीत गुजरातमध्ये, घडीत महाराष्ट्रात, घडीत आपल्या केंद्रशासित मुलखात. तिथली चहावाली ममताबेन मला म्हणते, काय गं पोरी, बसल्याजागी तीन मुलुख फिरलीस, आता कप तरी विसळून दे. मी विसळून देते. तिच्याशी मी बोलते पण, खरंच.

घरी आलं की खोली आवळल्यासारखी होते. सोमवारपासून मी पुढच्या रविवारचा रस्ता शोधत असते. एकदा मीच म्हटलं, नाना, येताना हायवेने लवकर पोचू. तर म्हणाले, हायवेला काय ठेवलंय, ट्रकांची ढुंगणं बघत यायचं? मी हसत बसली. मला वाटलं त्यांना पण माझ्यासारखीच ओढ लागली आडरस्त्यांची.

गेल्या रविवारी सिंदोणीकडून उतरताना नानांनी गाडी हळू केली. म्हणाले, तो समोरचा बोर्ड वाच गं.

ताई, समोर बोर्ड नव्हता. एका कुडाच्या घरापुढे कुणीतरी पांढरी चादर वाळत घातली होती. मला वाटलं चेष्टा करतात. वळून बघितलं तर ते डोळे बारीक करून, मान पुढे काढून खरोखर वाट बघत होते. मग मला एकेक दिसायला लागलं. समोरून गाडी आली की ते कडेला घेऊन थांबूनच जातात, मी त्याला माणुसकी समजायची. ऊन उतरायच्या आत घर गाठतात, मायच्या चहाचं नाव सांगून. कप उचलताना आधी हात टेबलावर फिरवतात. मी म्हटलं, लिहिलंय, पुढे शाळा आहे, वाहन हळू चालवा. ते बरं म्हणाले, आणि घरापर्यंत हळूच आले.

मी कुणाला बोलली नाही, मायलाही नाही. नानांना तोंडावर विचारलं तर कबूल करणार नाहीत, उलट दाखवून द्यायला पहिल्याच रात्री भिवंडीला निघतील. म्हणून तुला लिहिते. दाजींना काहीपण सांग, भांड, रुस, पण ते काम मोड. आणि तुझ्या तब्येतीचं निमित्त करून त्यांना तिकडे बोलव, डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने. तू मोठी आहेस, तुझं ऐकतील. आमचे रविवार बंद झाले तरी चालेल, मी राहीन कशीतरी. तुझा निरोप येईपर्यंत मी कामावर जात नाही. काल नानांना म्हटलं, कंपनीला सुट्टी आहे, येते तुमच्यासोबत. आज परत तेच म्हटलं. कसली सुट्टी, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. फक्त शेजारची सीट हाताने झटकून दिली.

तुझीच,
रोशनी