मागचं डावं चाक

सोमवार, ता. ९

ती. दादास,

साष्टांग नमस्कार घालणार होते, पण माझे गुडघे आता जमिनीला टेकत नाहीत. उभ्यानेच घे.

मी बरी आहे. तूही बरा असशीलच, तुला काय धाड भरली आहे! वहिनीच्या पाठीचं दुखणं कमी झालं असेल अशी आशा. तिच्याशी माझं काही भांडण नाही, तिला मनापासून नमस्कार सांग.

अक्षर ओळखलंस ना? मग खुर्ची ओढ आणि बस. तुमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबने ब्रेकच्या कामाला जी घरगाडी पाठवली, ती माझ्याकडे आली आहे. तू सेक्रेटरींना नुसतं म्हणाला असशील, "कुणातरी चांगल्या माणसाकडे द्या." त्यांनी चार ठिकाणी विचारलं आणि चारही जणांनी माझ्याकडे बोट दाखवलं. जुन्या ब्रेकचे सिलिंडर अजून हाताने घासून देणारी एकच बाई उरली आहे म्हणे. माझ्या पाटीवर आडनाव नाही, नुसतं 'ब्रेक' असं लिहिलंय. त्या बिचाऱ्याला काय कळणार? मला बजावून गेला, "बाई, गाडी आमच्या अध्यक्षांची आहे, जरा जपून." मी म्हटलं, "जपणार तर! तुम्ही निर्धास्त जा."

दोन आठवड्यांपूर्वीच्या मंगळवारी ट्रकवरून उतरवली. उजवी बाजू तू ठोकून सरळ केलीस, पण रंगाची छटा काही जुळली नाही हं. आत सगळं तसंच आहे. भिंतीला दुमडणारं टेबल, दोन बर्नरची शेगडी, मी झोपायचे ती वरची फळी. पडदे आईनेच शिवलेले, फक्त उन्हाने पार विटले आहेत. मी पायरीवर बराच वेळ उभी राहिले आणि मग कामाला लागले. रडले वगैरे नाही, तेव्हा तो आनंद तुला मिळणार नाही.

सेक्रेटरींनी जाताना क्लबची स्मरणिकाही दिली, गाडीची माहिती म्हणून. तुझा लेख वाचला. भाषा छान आहे, तू शाळेतही निबंधात पुढे होतास. "उतारावर ब्रेक गेले, वडिलांचा उजवा हात कायमचा गेला. आदल्या आठवड्यात ब्रेकचं काम माझ्या धाकट्या बहिणीने केलं होतं. तिचं वय लहान होतं. मी तिला केव्हाच माफ केलं आहे."

हे शेवटचं वाक्य मी किती वेळा वाचलं ते विचारू नकोस. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, ती जाताना वाटेत कुठेकुठे भाजते ते मला त्या दिवशी कळलं. एकतीस वर्षं शिव्या खाल्ल्या, त्या पचल्या. तुझी माफी मात्र घशाखाली उतरेना.

आता कामाचं. तू गाडीचा मालक आहेस, तुला कामाचा तपशील मिळालाच पाहिजे.

पुढची दोन चाकं उघडली. लायनिंग झिजलेलं, सिलिंडर गंजलेले. आतली रबरं कडक झाली होती, पण आकार शाबूत. मागचं उजवंही तसंच. या तिन्ही चाकांत आणि मुख्य सिलिंडरमध्येही रबर नवं दिसलं. नवं म्हणजे माझ्या हातचं नव्हे. मी तेव्हा काळी जाड कडांची रबरं घातली होती, बाबांच्या ड्रॉवरमधली. ही पातळ कडांची. मी विचारात पडले. अपघातानंतर ही गाडी एकदाही रस्त्यावर आली नाही, तूच तसं लेखात लिहिलंयस. मग जी गाडी चालवायची नव्हती, तिच्या ब्रेकची रबरं कुणी आणि कशासाठी बदलली?

मग राहिलं मागचं डावं. त्याच्या नळीचा नट गंजून धरला होता. दोन दिवस तेल पाजलं, शेगडी लावून तापवलं, तिसऱ्या दिवशी सैल झाला. आणि आत माझी रबरं निघाली, दादा. काळी, जाड कडांची. फुगून टम्म झालेली, जागेवर रुतून बसलेली. चिमट्याने ओढली तर तुकडे पडले.

अशी रबरं कशाने फुगतात ते तुला मी सांगायची गरज नाही, पण सांगते. ब्रेकच्या तेलात इंजिनचं तेल पडलं की. मी तेव्हा नवा डबा फोडून ब्रेकचं तेल घातलं होतं, डबा बाबांनीच हातात दिला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी चारही चाकांखाली फरशी ओली होती. मी तुला विचारलं तर म्हणालास, "पेडल नरम वाटलं, मी पुन्हा नळ्यांतली हवा काढून तेल घातलं. तू नको डोकं लावूस." अपघातानंतर मी हेच सगळ्यांना सांगत सुटले तेव्हा तू बाबांच्या पलंगाशी उभा राहून म्हणालास, "मी गाडीला बोटही लावलं नाही." बाबांच्या उजव्या हाताला तेव्हा बँडेज होतं. त्यांनी तुझ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि भिंतीकडे तोंड केलं.

चूक कुणाचीही होते. काळोख्या मांडणीत दोन डबे शेजारी असले की चुकीच्या डब्यावर हात पडतो. माझाही एकदा पडला आहे, गिऱ्हाइकाला बोलावून मी सांगितलं आणि सगळं काम पुन्हा करून दिलं. त्या एका चुकीसाठी मी तुला सोडून दिलं असतं. खरंच दिलं असतं.

पण तुला नंतर कळलं होतं. आपल्या जुन्या मेकॅनिकला, डिझेलकाकांना, गाडी दाखवायचं बाबांनी ठरवलं, तेव्हा "मी चाकं उघडून ठेवतो" असं म्हणून दोन दिवस घरच्या शेडचं दार लावून कोण बसलं होतं? आतली फुगलेली रबरं बघून तुला सगळं उमगलं असणार. तू तेल काढलंस, नळ्या धुतल्यास, तीन चाकांची रबरं बदललीस. चौथ्या चाकाचा नट अडला आणि तू तो सोडून दिलास. तू जन्मभर असाच आहेस. अडलेला नट दिसला की तू पाना ठेवून चहाला जायचास आणि तो नट नंतर मी काढायचे. त्या वेळी काढायला मी नव्हते. मला शेडमध्ये पाऊल टाकायची बंदी झाली होती.

डिझेलकाका आले, त्यांनी पुढची दोन चाकं बघितली, म्हणाले, "रबर ठीक, नळ्या ठीक. म्हणजे हवाच राहिली असणार." झालं! हवा काढणारी मी. खापर माझ्या डोक्यावर फुटलं आणि तू मूग गिळून बसलास. मी विसाव्या वर्षी एक पिशवी घेऊन घराबाहेर पडले, तेव्हा तू फाटकापर्यंत सोडायला आला होतास. "जपून राहा" म्हणालास. ते आठवलं की अजून माझे दात एकमेकांवर घासतात.

आता एक गोष्ट कबूल करते. करायची नव्हती, पण तुझ्यासारखं व्हायचं नाही म्हणून करते.

गुरुवारी दुपारी मी जुन्या सामानातून तसलंच एक फुगलेलं रबर शोधलं आणि मागच्या डाव्या चाकात बसवलं. हो, मुद्दाम. पेडल दाबून बघितलं, मस्त लागत होतं. पहिले पाच-सहा मैल कुणालाही संशय आला नसता. वर्धापनदिनाच्या फेरीत तू त्याच उतारावरून गाडी नेणार आहेस, पेपरवाले येणार आहेत, हे सगळं सेक्रेटरींनी मला कौतुकाने सांगितलं होतं. मी चाक चढवलं, नट आवळले, हात धुतले आणि जेवायला बसले. छान जेवले. जेवताना तुला त्या वळणावर पेडल आपटताना बघत होते.

पाच वाजता चाक पुन्हा उतरवलं. दया आली असं समजू नकोस. मेलेल्या माणसाला लाज वाटत नाही, हे माझ्या लक्षात आलं. तू त्या दरीत गेला असतास तर क्लबने तुझ्या फोटोला हार घातला असता आणि पुढच्या स्मरणिकेत पुन्हा माझ्याच हाताची चूक छापली असती. तू मला जिवंत हवा आहेस, दादा. चांगला शंभर वर्षं जगणारा. फेरीत तुझ्या शेजारी आई बसणार आहे, हेही सेक्रेटरी म्हणाले होते, ते मला त्यानंतर आठवलं. आधी आठवायला हवं होतं. त्याची लाज मला आहे, ती माझी मी बघून घेईन.

आईचं नाव निघालंच आहे तर सांगून टाकते. एवढा वेळ टाळत होते.

ती मावशीकडे नाही.

शनिवारी तूच तिला टॅक्सीत बसवून दिलंस. मावशीसाठी संत्र्यांची पिशवीही दिलीस. गोड होती, आम्ही दोघींनी संपवली. शुक्रवारी तू क्लबात असताना मी फोन केला होता. तिनेच उचलला. मी म्हटलं, "मी बोलतेय. घरगाडी माझ्याकडे आहे. बघायला ये, नाहीतर नको येऊस."  ती म्हणाली, "पत्ता सांग, पेन्सिल घेते."

बाबा गेले तेव्हा मी आले होते, हे तुला ठाऊक आहे. दार आईने उघडलं होतं. "आता कशाला आलीस?" एवढं बोलून तिने ते लावून घेतलं. त्यामुळे तिच्यावरही माझा राग होता आणि तो मला काढायचा होता. शनिवारी ती माझ्या शेडमध्ये आली तेव्हा मी तिला बस म्हटलं नाही. पाणीही विचारलं नाही. पाण्याचा पेला तिच्यासमोर ठेवला तो दाखवायला. त्यात ताज्या ब्रेकच्या तेलाचा थेंब टाकला, तो विरघळून गेला. मग मागच्या डाव्या सिलिंडरमधून काढून ठेवलेलं तेल टाकलं. त्याचे डोळे होऊन वर तरंगत राहिले. ही परीक्षा बाबांनीच आपल्या दोघांना शिकवलेली, तीही तेव्हा तिथेच भाजी निवडत बसलेली असायची.

तिने पेल्याकडे बघितलं. रबरं हातात घेतली, काळं आणि पातळ, दोन्ही. तिला गाड्यांतलं काही कळत नाही असं तू नेहमी म्हणतोस. तिला सगळं कळलं.

"त्याला माहीत होतं?" तिने विचारलं.

"त्यालाच विचार."

"तुला विचारतेय मी."

"होतं," मी म्हटलं. "तीन चाकं बदलण्याइतकं माहीत होतं."

"ह्यांना पुढे एकोणीस वर्षं रोज भरवलं मी," ती म्हणाली. "हा समोर बसून जेवायचा. मान खाली घालून. मला वाटायचं, पोराला वडिलांचं दुःख बघवत नाही."

मग ती माझ्याकडे बघून काहीतरी म्हणायला गेली. मी म्हटलं, "माफी मागू नकोस, मला जमणार नाही. काम करणार असशील तर कर." कारण हवा काढायला दोन माणसं लागतात, आणि तोपर्यंत मी एकटीने नळी-बाटली लावून चालढकल करत होते. तिला चालकाच्या जागेवर चढवलं. एकोणऐंशी वर्षांची बाई, पाय जेमतेम पेडलपर्यंत पोचतात, पाठीशी उशी द्यावी लागली. मी खाली चाकाशी. दाब. धरून ठेव. सोड. पुन्हा दाब. माझ्याआधी सोडलंस तर हवा आत जाईल, तेव्हा पाय दुखला तरी मी सांगेपर्यंत सोडायचं नाही. तिने एकदाही चुकवलं नाही. चारही चाकं संध्याकाळपर्यंत झाली. एकतीस वर्षांनंतर आम्ही मायलेकी एवढंच बोललो आणि मला ते पुरलं.

तेव्हा गाडी तयार आहे. ब्रेक असे लागतात की तू पुढे आपटशील. उद्या ट्रकवर चढवून क्लबकडे रवाना करते. सोबत कामाचा लेखी अहवाल आहे, चाकागणिक, कुठे काय निघालं ते सगळं. मी प्रत्येक गिऱ्हाइकाला देते, तुला वगळायचं काही कारण दिसत नाही. तो सेक्रेटरींच्या नावाने आहे, कारण काम त्यांनी दिलं. निघालेली रबरं बाटलीत घालून, लेबल लावून त्यांच्याच हाती जातील. त्यांनी मला विचारलंय की पुढच्या स्मरणिकेसाठी ब्रेकच्या देखभालीवर दोन पानं लिहाल का. मी हो म्हणाले आहे.

उतारावरून खुशाल जा. घाबरू नकोस. तुझ्या शेजारची जागा मात्र रिकामी राहील, तिथे कुणाला बसवायचं ते बघ.

मी तुला माफ केलेलं नाही. हे मी सहीनिशी लिहून देते आहे.

तुझी धाकटी बहीण

ता. क. खालच्या ओळी आईने स्वतः लिहिल्या आहेत. मी सांगितलेल्या नाहीत. वाचूनही मी त्यातलं काही खोडलं नाही.

बाळा, मी आता इथेच राहणार. माझा दुसरा चष्मा, रक्तदाबाच्या गोळ्या आणि कपाटातली ह्यांची तसबीर सूनबाईंबरोबर पाठव. तू येऊ नकोस.
— आई