आरशातली चांदणी

आबा, तुमच्या एका प्रश्नाचं उत्तर मी तेव्हा दिलं नव्हतं, आज देतेय. तुम्ही विचारलं होतंत, "हाई शिकीसन भाकर मिळस का?" मिळते, आबा. कुणापुढे हात न पसरता मिळते. तुम्हाला मी डी.एड. करून मास्तरीण व्हावं असं वाटायचं. मी मानसशास्त्र घेऊन बी.ए.ला बसले, तर पोरगी वेड्यांची डॉक्टर होणार म्हणून तुम्ही अख्ख्या धुळे डेपोत सांगत सुटलात. हसत सांगायचात, पण मला लागायचं.

प्रॅक्टिकलला प्रयोगासाठी बसणारा माणूस घरातलाच शोधायचा होता. मला अजून दिसतं सगळं. तुम्ही एसटीवर ड्रायव्हरची ड्युटी करून आलाय, खाकी शर्टाची वरची बटणं उघडी, आई चुलीपाशी भाकरी थापतेय. कॉलेजातून पिशवीत घालून आणलेली पेटी मी तुमच्यापुढे मांडते. समोर आरसा, हातावर पत्र्याचा आडोसा, खाली कागदावर दुहेरी रेघांची चांदणी. हात दिसत नाही. आरशात बघून दोन रेघांमधून पेन्सिल फिरवायची, रेघेला लागली की एक चूक. असं दहा वेळा. दर खेपेला चुका कमी होतात, माणूस शिकत जातो, हे जर्नलमध्ये दाखवायचं. तुम्ही मिशीत हसता. "आरसामा दखीसनच गाडी चालाडस मी. बठ्ठं आयुष्य गयं त्यामा." आणि पहिल्याच कोपऱ्यावर पेन्सिल अडकते. पुढे न्यायला जाता, ती मागे येते. "सांग ना वं, कोठे वळू?" मी सांगत नाही. सूचना सगळ्यांना त्याच शब्दांत द्यायची आणि मग तोंड मिटून बसायचं, असा नियम. सहाव्या खेपेलाही अडतीस चुका झाल्या आणि तुम्ही पेन्सिल भिरकावलीत. "बापले बी सांगस नही, अशी कशी वं तुनी विद्या?" मग उठता उठता हळूच म्हणालात, "डेपोमा सांगू नको."

अशीच आहे ती विद्या, आबा. माझा निकाल लागायच्या आधीच तुम्ही गेलात. पुढे रोजगार कार्यालयाच्या कार्डावर शिक्के तेवढे पडत राहिले, बोलावणं एकही नाही. तुमचंच खरं ठरतंय असं वाटून जीव जळायचा. मग जळगावला बाहेरच्या एका बाजारपाहणीच्या कंपनीला घरोघर प्रश्न विचारायला मुली हव्या होत्या, आठ दिवसांसाठी. नशिराबादला एका अक्कांना मी विचारलं, कपडे कशाने धुता? त्या माझ्याच तोंडाकडे बघत बसल्या. "तूच सांग ना बाई, काय लिहायचं ते." दुसऱ्या कुणी मुलीने जाहिरातीतल्या साबणाचं नाव लिहून टाकलं असतं. मी तुमच्यासमोर बसले होते तशीच गप्प बसले. बऱ्याच वेळाने अक्का म्हणाल्या, साबण मालकांच्या कपड्यांना, माझ्या लुगड्याला नुसता सोडा. कंपनीच्या साहेबांनी फेरतपासणी केली तेव्हा इतर मुलींचे कितीतरी फॉर्म बसस्टँडवर बसून भरलेले निघाले. माझे टिकले. आठ दिवसांचं काम कायमचं झालं, आणि आता नव्या मुलींना मीच तयार करते. समोरचा अडला तरी आपलं उत्तर त्याच्या तोंडात घालायचं नाही, हे मला कुठल्या डी.एड.ने शिकवलं असतं?

गेल्या आठवड्यात एका मुलीने फॉर्म स्वतःच भरलेला सापडला. जामनेरच्या एका म्हाताऱ्या बाबांना उत्तरंच देता येईनात, फार ओशाळले होते, मला बघवेना, म्हणाली. मी तिला तिथल्या तिथे कामावरून काढलं. घरी आले आणि माळ्यावरून माझं जुनं जर्नल काढलं. तुमच्या पानावर दहा खेपा आहेत, आबा. दहाव्या खेपेला चुका अकरा. तुम्ही सहाच केल्या होत्यात. पहिल्या सहांच्या चुका मी कमी केल्या आणि उरलेल्या चार तुम्ही जेवत असताना तिथेच बसून रचल्या. खाली बाईंचा लाल शेरा आहे, 'प्रगती उत्तम'. मार्कांसाठी नव्हतं ते. तुम्हाला हरलेलं मला कागदावर बघवत नव्हतं.

हे पत्र त्याच पानात ठेवतेय. रचलेल्या चार खेपा खोडून सहावीपुढे खरे अडतीस लिहायला पेन्सिल घेतली होती, पण लिहवलं नाही. त्या मुलीलाही मी अजून परत बोलावलेलं नाही.