चिंधी कोणी बांधली?

थोरल्या साडूभाऊंना धाकट्या साडूचा वाकून नमस्कार. (कमरेत उसण भरल्यामुळे सध्या सगळ्यांनाच वाकून होतो, पण तुम्हाला मनापासून.) तुमचा गुडघा काय म्हणतो? ताईंचा खोकला थांबला का? आम्ही सगळे बरे आहोत, म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला तसं वाटेल. हे पाकीट मी इंजिनाचं गॅस्केट चिकटवायच्या सोल्युशनने बंद केलं आहे. ते सहज उघडलं, तर लाँचवाल्याने वाटेत वाचलं असं समजा.

तुम्ही नगररचना कार्यालयात नकाशांच्या कपाटाशेजारी बसता, म्हणून हे तुमच्या कानावर घालतो. तुमच्या कार्यालयाने आमच्या बेटावर एक बाई पाठवल्या. (तुम्ही पाठवल्या नसतील, पण अडवल्याही नाहीत, याची मी नोंद घेतली आहे.) बाई हसतमुख. आमच्याकडे आल्या आणि चहा फार छान झालाय म्हणाल्या. तुमच्या मेहुणीच्या हातचा चहा तुम्ही प्यायला आहात. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच. मग तिपाईवर दुर्बीण ठेवून दोन दिवस बेट मोजलं, आणि शेवटी शाळेच्या खोलीत सभा घेतली. पोरांच्या बाकांवर आम्ही बसलो, गुडघे हनुवटीला लावून, आणि बाईंनी भिंतीवर नकाशा लावून विचारलं की तुम्हाला काय हवं ते सांगा. आता सरकार आपणहून काय हवं विचारतं, तेव्हा काय न्यायचं ते ठरलेलं असतं, एवढं मला कळतं.

नकाशात माझं वर्कशॉप हिरवं दाखवलंय. हिरवं म्हणजे करमणुकीसाठी मोकळी जागा. जन्मभर तिथे ग्रीसमध्ये काळा झालो, तो काही करमणूक म्हणून नव्हे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना इतकी जागा सोडा म्हणतात, की बेटाच्या मानेपाशी नुसता रस्ता उरेल आणि बेट समुद्रात जाईल. प्रत्येक घराने मोटारीसाठी जागा ठेवायची. बेटावर मोटार एक, आणि तिचं इंजिन मी केव्हाच एका होडीला बसवलं.

आमची पद्धत तुम्हाला ठाऊक आहे, लग्नात तुम्ही तिला हसला होतात. ज्याला बांधायचं असेल त्याने चार खांब रोवायचे, छपराच्या उंचीवर दोरी ताणायची आणि वर्षभर तशीच ठेवायची. ज्याला ती खुपेल त्याने गुपचूप येऊन दोरीला चिंधी बांधायची. चिंधी बांधली की काम थांबलं. कोणी बांधली ते विचारायचं नाही, आणि बांधणाऱ्याशिवाय दुसऱ्याने ती सोडायची नाही. मालकानेच सोडली, तर छपराचा वासा चढवायला बेटावरचा एकही माणूस येत नाही, आणि वासा काही एकट्याने चढत नाही. या पद्धतीवर आमची भांडणं झाली, पण कोणाच्या घराने कोणाचा उजेड अडवला नाही. हे मी सभेत उभं राहून सांगितलं. (उभा राहिलो कारण बाकात अडकलो होतो, बाक माझ्याबरोबरच उठलं.) टाळ्या पडल्या. या बाईंनी पुन्हा आमच्या धक्क्यावर पाऊल ठेवायचं नाही, असा ठराव मी मांडला आणि तो एकमताने झाला. आमची जमीन, आमची दोरी, आमचं आम्ही बघू.

बाई गेल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दोरीला चिंधी.

आपल्या पोरीसाठी घराला लागून बांधायच्या खोलीची दोरी आहे ती, साडूभाऊ. जावयाला पोहता येत नाही, लाँचवर त्याचे डोळे मिटलेले असतात, तरी तो इथे येऊन राहायला तयार झाला. खोली झाली तर येतो, नाहीतर तिकडेच घर घेतो, असं दोघांनी सांगितलंय. वर्ष भरत आलं होतं. त्या चिंधीकडे बघून मला रडू आलं, ते कोणी बघितलं असेल तर त्यानेच ती बांधली.

चिंधी लाल, नवीकोरी. मी सगळ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांत लाल काय आहे ते बघून आलो. (यावरून दोन घरी गैरसमज झाले.) लाँचवाल्याच्या गळ्यात कायम लाल रुमाल असायचा, तो त्या दिवसापासून दिसत नाही. पोरगी इथेच राहिली तर त्याची दर महिन्याची दोन तिकिटं बुडतील. आणि शेजारची आत्या. तिच्या खिडकीतून धक्का दिसतो, कोण आलं कोण गेलं यावर तिचा दिवस जातो. खोली झाली की अर्धा धक्का झाकला जाईल. सख्खी आत्या, पण मी तिच्याशी बोलणं टाकलंय. लाँचवाल्याशीही. खरं तर आता फक्त तुमच्या मेहुणीशी बोलतो, तेही बेतानेच.

तरी कार्यालयात ठणकावून सांगा, बेटाचे नियम बेटच करणार.

तुमचा,
धाकटा साडू

ता. क. जुनं बांधकाम नव्या नियमातून सुटतं असं ऐकलं. तर नकाशात माझ्या घराला लागून, मागच्या अंगाला, एक खोली आधीपासूनच असल्यासारखी कोणाला दाखवता येईल का? बेटाच्या नियमाने माझं काम अडलंय, तुमच्या नियमाने सुटत असेल तर सोडवा. हे लाँचवाल्याला कळता कामा नये.

ता. क. दुसरा. पाकीट द्यायला धक्क्यावर गेलो. तिथल्या खांबाला तसलीच लाल चिंधी. विहिरीला एक. स्मशानाच्या फाटकाला एक, आणि तिथे काही कोणी मजला चढवत नाहीये. लाँचवाल्याचा रुमाल धुवायला टाकलाय. परत येताना आत्या खिडकीतून म्हणाली, "अरे, त्या मोजणीवाल्या बाईंनी जाता जाता खुणेला बांधल्यात त्या. बांधताना मी बघत होते."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू बोलत कुठे होतास माझ्याशी? आणि तुझ्या खोलीने धक्का झाकला तर झाकू दे. पोरगी आली तर मी धक्क्याकडे कशाला बघत बसू?"

ता. क. तिसरा आणि शेवटचा. खोलीचं वर लिहिलंय ते खोडलं असं समजा. लाँचवाला आणि आत्या म्हणतात, सोडून टाक ती चिंधी. पण नियम म्हणजे नियम, आणि तो मीच भर सभेत सगळ्यांना सांगून बसलो. बांधणाऱ्यानेच सोडायची. तेव्हा कसंही करून त्या बाईंना परत पाठवा. ठरावाचं मी बघतो. पायच ठेवायचा नाही असं ठरलंय ना, लाँचमधून उचलून आणू. आणि निघण्याआधी त्यांना विचारा, चहा खरंच आवडला होता का?