लाह्यांऐवजी तीळ

११ नोव्हेंबर
मेलो! जयसिंहराव स्वतः घरी आले. चोवीस तारखेला त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत. गोरखी भागात हॉल घेतलाय, सगळे विधी पुन्हा करायचेत. "भटजी, तेव्हा तुम्हीच लग्न लावलं होतं, आता पण तुम्हीच. बिलकुल तेच मंत्र पाहिजेत, एक अक्षर इकडचं तिकडे नाही!"
तेच मंत्र! देवा रे.

१२ नोव्हेंबर
इथे तरी खरं लिहितो. वडील तापाने पडलेले, मी चोवीस वर्षांचा, एकट्याने लावलेलं पहिलंच लग्न. मांडवातल्या पंख्याने पोथीची सुटी पानं उडाली. पिशवीत श्राद्धाची पोथी होती, तिचीही उडाली. हाताला लागली तशी गोळा केली आणि वाचत गेलो. मंगलाष्टकं पाठ होती म्हणून निभावली. होमात मात्र लाह्यांऐवजी तीळ मागितले — कोणीतरी आणूनही दिले! सप्तपदीच्या वेळी पितरांना जेवायला बोलावलं. सनई इतकी जोरात की कोणाला पत्ता नाही. मला कळलं ते घरी येऊन पानं लावताना. तोंड उघडायची हिंमत झाली नाही.
तेव्हापासून जयसिंहराव आणि शालिनीताई भांडतायत. पार कंपू मोहल्ल्यापर्यंत ऐकू जातं. दर भांडणाला वाटतं, माझ्याच तिळांमुळे.

१४ नोव्हेंबर
डोळे तपासायला कंपूच्या दवाखान्यात गेलो. बाकावर शेजारी मसीह साहेब — रिटायर पादरी. दोघांच्याही डोळ्यांत औषध, दोघांनाही धड दिसेना. ज्याचं तोंड दिसत नाही त्याला सांगणं सोपं. सगळं ओकलो.
हसले नाहीत. म्हणाले, "पंडितजी, पाप की माफी कमाई नहीं जाती. प्रभु यीशु ने क्रूस पर सारा कर्ज़ चुका दिया. आप बस विश्वास कीजिए."
"और करना क्या है?"
"कुछ नहीं."
काही नाही! आमच्या सात पिढ्या लोकांना प्रायश्चित्तं सांगत आल्या. मांजर मेलं तरी काहीतरी करावं लागतं! म्हटलं, एक उपास? नाही. अर्धा? नाही. मुंडण? नाही. (तसेही केस उरलेत कुठे.)

१६ नोव्हेंबर
मसीह साहेबांपासून चोरून उपास केला. बायकोने, वनमालाने, साबुदाण्याची खिचडी केली. दोनदा घेतली. पाप जागच्या जागी.

१७ नोव्हेंबर
मसीह साहेबांच्या घरी जाऊन उपासाचं कबूल केलं. ते चक्क वैतागले. "जो काम प्रभु कर चुके, उसे आप दोबारा क्यों कर रहे हैं?" मी म्हटलं, फुकट माफी मिळायला लागली तर उद्या कोणीही उठून तीळ टाकेल! तर म्हणतात, "जिसे सच में माफी मिल गई, उसका मन ही बदल जाता है." मग त्यांनीच हळूच विचारलं, "उन दोनों से कहा?"
नाही सांगितलं. "कह दीजिए. माफी कमाने के लिए नहीं. सच है, इसलिए."
चहा चांगला होता. माणूसही चांगला. पण राग येतो.

२१ नोव्हेंबर
तीनदा जयसिंहरावांच्या फाटकापर्यंत गेलो. तीनदा कुत्रं भुंकलं. उपकार त्याचे!

२३ नोव्हेंबर
आज सांगितलं! जयसिंहराव हॉलवर गेलेले, शालिनीताई एकट्या. एका दमात बोललो — पंखा, पानं, तीळ. पाया पडायला वाकलो तर गुडघा अडकला. त्यांनीच धरून उठवलं.
"भटजी, मी संस्कृत घेऊन बी.ए. केलंय. मला तेव्हाच समजलं होतं."
"मग बोलला का नाहीत?"
"तुमचे हात किती कापत होते! तिथेच माफ केलं. तुम्ही कधी विचारलंच नाही."
मी रडलो. चौऱ्याहत्तर वर्षांचा म्हातारा, त्यांच्या सोफ्यावर बसून ढसाढसा रडलो. मसीह साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "देखा? मिली हुई थी."

२४ नोव्हेंबर, सकाळी
निघतानाच शालिनीताईंचा फोन. दबका आवाज.
"भटजी, आज पण तेच मंत्र म्हणा. श्राद्धाचे. आमचं लग्न लागलेलंच नाही, मनात येईल तेव्हा निघून जाता येईल — ह्याच भरवशावर मी पन्नास वर्षं त्यांच्याजवळ राहिले. आता बांधू नका."
तीळ पिशवीत घातलेत.