उजेड टाकणारं जहाज

सर, तुमच्या आरमारी खेळाची वही मी दोन महिन्यांपासून साफ अक्षरात उतरवून काढतेय. इथे पांढुर्ण्यात आता सात-आठ जण तो खेळ खेळतात. मोबाइलवर त्यांचा ग्रुप आहे आणि एखादा नियम अडला की ते मला विचारतात, कारण वही माझ्याकडे आहे. परवा प्रश्न आला: अंधारातल्या लढाईत ज्या जहाजाने सर्चलाइट लावला, त्याच्यावरच कोणी तोफ डागली तर नुकसान पूर्ण धरायचं की अर्धं? वहीत तुम्ही एवढंच लिहिलंय, 'उजेडातल्या जहाजाला पूर्ण नुकसान, अंधारातल्याला अर्धं.' उजेड टाकणारा कशात मोजायचा, ते नाही. आणि विचारणारा तोच आहे, सर. तुमचा रामाकोन्याचा विद्यार्थी, जो त्या रविवारनंतर कॉलेजात खेळायला कधी आला नाही.

सौंसरच्या कॉलेजातली इतिहासाची खोली. बाकं भिंतीला सरकवलेली, फरशी म्हणजे समुद्र. समुद्र आपल्यापैकी कोणीच पाहिलेला नव्हता, तुम्हीसुद्धा नाही. संत्र्याच्या पेटीच्या फळ्या कोरून केलेली जहाजं, आणि सर्चलाइट म्हणजे या जहाजापासून त्या जहाजापर्यंत ताणलेला पिवळ्या लोकरीचा धागा. पंच मी. 'हिचं अक्षर साफ आहे अन् ही लबाडी करत नाही,' असं तुम्ही सगळ्यांसमोर म्हणाला होतात. त्या रविवारी तुम्ही टायफॉइडमधून उठून पहिल्यांदाच आला आहात. भर दुपारी स्वेटर, मान बारीक झालेली. तुमच्या जहाजाचे चारच गुण उरलेत. तुम्ही धागा त्याच्या जहाजावर ताणता, तो तुमच्यावर तोफ डागतो, फाशावर सहा पडतात. पूर्ण धरलं तर तुम्ही बुडता. सगळे माझ्याकडे बघतात.

'अर्धं,' मी म्हणते. 'तीन.'

'काहून अर्धं?' तो उठून उभा राहतो. 'लाइट त सरांचाच जळून राहिला न! धागा का मी बांधला?'

'बस न बे,' मागून कोणीतरी म्हणतं, 'सर आत्ताच दवाखान्यातून आले, तू लगेच बुडवतं का?'

सगळे हसतात. तुम्ही हसत नाही. 'पंचानं सांगितलं ते झालं. हरता येत नसंल त खेळायला नको येत जाऊ.' पुढच्याच फेरीत तुम्ही त्याचं जहाज बुडवलंत. त्याने ते उचलून खिडकीत ठेवलं आणि तो निघून गेला.

मला नियम माहीत होता, सर. पंचाचं काम शिकवताना तुम्हीच मला सांगितलं होतं, 'बॅटरी ज्याच्या हातात, तो पहिले दिसते.' वहीत नसलं तरी मी ते ऐकून मान हलवली होती. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की तुमच्या आजारपणाची दया आली. आता वही उतरवताना तेही खरं वाटत नाही. तुम्हाला बुडवणारी मी असू नये, तुमच्या नजरेतली माझी जागा हलू नये, एवढंच असेल कदाचित. कॉलेज सुटताना तुम्ही ही वही दिलीत, 'पंचापाशीच राहू दे' म्हणालात, आणि मी दोन्ही हातांनी घेतली. तुम्ही आयुष्यात फार कमी जणांना बोललात. त्यातलं एक बोलणं चुकीच्या माणसाला लागलं आणि ते तुम्हाला कधी कळलं नाही.

त्याचा निरोप मी कितीदा तरी वाचला. 'ताई, घाई नाही. पोरीला शिकवून राहिलो, तिनं विचारलं. फुरसतीनं सांगजा.' त्यात टोमणा आहे का, ते शोधत राहिले. सापडला नाही. असता तर सोपं गेलं असतं.

आज दुपारी उत्तर पाठवलं. उजेड टाकणारं जहाजही उजेडातच मोजावं, नुकसान पूर्ण. खाली त्या रविवारच्या माझ्या निकालाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्याच्यासाठी. पाठवण्याआधी त्या पुसल्या आणि वर लिहिलं, 'सुधारित नियम'. त्याने लगेच हात जोडल्याचं चित्र पाठवलं. सर, सुधारलं काहीच नाही. नियम पहिल्यापासून तोच होता.